पेपरात छोटी जाहिरात द्यायचीय? सोलापूरकरांसाठी मजकुरापासून कात्रणापर्यंत सगळं

पेपरात जाहिरात द्यायची आहे, किती पडतंय ओ? सोलापुरात जाहिरात बुकिंगच्या टेबलावर बसतो त्यामुळे हा प्रश्न मला रोजचाच आहे, आणि दर सांगायच्या आधी मी उलट विचारतो की तुम्हाला फोन पाहिजेत की पुरावा पाहिजे. घर भाड्याने द्यायचंय, कारखान्यात माणूस पाहिजे, मुलीला स्थळ बघायचंय, ही झाली फोन यायची जाहिरात. नाव बदललंय, खरेदीखत हरवलंय, प्लॉट घ्यायच्या आधी कुणाची हरकत आहे का बघायचंय, ही झाली पुराव्याची. दोन्ही एकाच पेपरात, कधी कधी एकाच पानावर छापून येतात पण पेपर कुठला निवडायचा, मजकूर कसा लिहायचा, पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत हे दोन्हीत पूर्ण वेगळं आहे, आणि लोकांचे पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच.

आधी काय होतं आणि आता काय झालंय

छोट्या जाहिराती पेपराइतक्याच जुन्या आहेत. २९ जानेवारी १७८० ला कलकत्त्यात हिकीचं बेंगॉल गॅझेट निघालं, भारतातला पहिला छापील पेपर, त्याच्या पूर्ण नावातच कलकत्ता जनरल अॅडव्हर्टायझर असे शब्द होते. लंडनच्या टाइम्सचं पहिलं पान तर ३ मे १९६६ पर्यंत छोट्या जाहिरातींनीच भरलेलं असायचं, बातम्या आत. म्हणजे लोक पेपर बातम्यांसाठी घेतात तसा जाहिरातींसाठी पण घेत होते, हे तेव्हाच्या मालकांना पक्कं माहीत होतं.

आपल्याकडे पण तेच. संचारसारखा इथलाच पेपर असो नाहीतर बाहेरच्या मोठ्या पेपरांची सोलापूर आवृत्ती असो, खोली बघणारा माणूस सकाळी चहाच्या टपरीवर पेपर उघडून सरळ छोट्या जाहिरातींच्या पानावर जायचा, पेनानं गोल करायचा आणि सायकल काढायचा. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते बॉक्स नंबर घ्यायचे, म्हणजे उत्तरं पेपरच्या ऑफिसात पाकिटातनं यायची आणि तिथनं घेऊन जायची. मजकूर कागदावर लिहून द्यायचा, कंपोझिटर खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचा, नंतर डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी आली, आता तर व्हॉट्सॲपवर मजकूर येतो आणि पैसे फोनवरनं.

मग हे पान पातळ का झालं? अमेरिकेत १९९५ ला क्रेगलिस्ट ही छोट्या जाहिरातींची इंटरनेटवरची सोय सुरू झाली आणि जी गोष्ट पेपरवाले शब्दाला पैसे घेऊन छापत होते ती बहुतेक फुकट झाली. तिकडच्या पेपरांना छोट्या जाहिरातींतून २००० साली साधारण १९ अब्ज डॉलर मिळायचे, २०१२ पर्यंत ते पाच अब्जांच्या आत आले. आपल्याकडे १९९७ ला नोकरी डॉट कॉम, त्याच सुमाराला लग्नाच्या साइट, २००६ ला ओएलएक्स, २००८ ला क्विकर, आणि २०१६ ला जिओ आल्यावर तर ज्याच्या हातात साधा स्मार्टफोन तो पण फोटो टाकून गाडी विकायला लागला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काही काळ पेपर घरात येणंच बंद झालं, तेव्हा सुटलेली सवय काही घरांत परत आलीच नाही.

पण सगळं गेलं असं म्हणणं चूक आहे. जुनी मोटारसायकल, सोफा, मोबाईल, फ्रीज हे पेपरातनं गेलं ते गेलंच, त्यासाठी पेपरात पैसे घालू नका असं मी स्वतः सांगतो. घर आणि प्लॉट अर्धे अर्धे झाले. स्थळं अजून येतात, कारण बोलणी करणारे आईवडील, मामा, आत्या हे पेपर वाचणारे आहेत. आणि कायद्याच्या नोटिसांना पेपर सोडून दुसरी जागा अजून तरी नाही.

पायरी १: पेपर आणि आवृत्ती

सगळ्यात जास्त खप कुणाचा हा प्रश्न फोन यायच्या जाहिरातीला अर्धाच उपयोगाचा आहे, तुमचा माणूस कुठला पेपर वाचतो हे बघायचं. सोपी युक्ती सांगतो, एका रविवारी चार पेपर विकत घ्या आणि छोट्या जाहिरातींचं पान उघडा. तुमच्यासारख्या जाहिराती ज्या पेपरात जास्त दिसतात तिथे द्या, कारण लोक त्या गोष्टीसाठी तोच पेपर उघडतात. जिथे तुमच्या प्रकारची एकही जाहिरात नाही तिथे आपली एकटी उठून दिसेल असं वाटतं, पण तिथे बघायलाच कोणी येत नाही.

आवृत्ती नीट विचारून घ्या. सोलापूर म्हणजे नुसतं शहर की पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, सांगोला धरून जिल्हा, हे पेपरागणिक वेगळं असतं आणि दर पण त्यावर ठरतो. विजापूर रोडचा फ्लॅट भाड्याने द्यायला जिल्हा कशाला? पण प्लॉट विकायचा असेल तर जिल्हा घ्या, तालुक्यातला माणूस पोरांच्या शिक्षणासाठी शहरात जागा बघत असतो. स्थळाच्या जाहिरातीला मी सोलापूर आणि पुणे दोन्ही आवृत्त्या सुचवतो कारण आपली निम्मी पोरं नोकरीला पुण्यात आहेत.

पायरी २: प्रकार

मुख्य तीन. पहिली साधी मजकुराची, शब्दावर किंवा ओळीवर पैसे, पाहिजेत, विकणे आहे, भाड्याने, वधू-वर असल्या मथळ्याखाली ओळीनं लागते. दुसरी चौकटीतली, तिचे पैसे चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे किती कॉलम रुंद आणि किती उंच, त्यात फोटो, लोगो, मोठी अक्षरं बसतात. तिसरी जाहीर नोटीस, हिचा दर बहुतेक ठिकाणी वेगळा आणि जास्त असतो.

भाडं, नोकरी, स्थळ याला पहिली पुरते. ठळक अक्षर, रंगीत पट्टी, टिकमार्क याचे जादा पैसे सांगतात, त्यातलं ठळक अक्षर तेवढं घ्या, ते पण पहिल्या दोन शब्दांना. कारण पान वरनं खाली चाळणारा माणूस पहिले दोन शब्दच वाचतो.

पायरी ३: मजकूर, आणि इथे जरा थांबा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोक असा कागद घेऊन येतात:

"जुळे सोलापूर येथे अतिशय शांत व निसर्गरम्य परिसरात सर्व सोयींनी युक्त असा प्रशस्त टू बीएचके फ्लॅट चांगल्या कुटुंबास भाड्याने देणे आहे. तरी इच्छुकांनी त्वरित खालील नंबरवर संपर्क साधावा."

अठ्ठावीस शब्द झाले, अजून नंबर यायचाय, आणि यात भाडेकरूला कळलं काय तर फक्त जुळे सोलापूर आणि टू बीएचके. "येथे" नको, "देणे आहे" नको कारण जाहिरात भाड्याने या मथळ्याखालीच लागणार आहे, "संपर्क साधावा" तर कधीच नको, फोन नंबर दिसल्यावर माणूस दुसरं काय करणार. तीच जाहिरात अशी करा:

"जुळे सोलापूर, टू बीएचके, दुसरा मजला, बोअर, मोठी टाकी, टू-व्हीलर पार्किंग. भाडे ८,५००, डिपॉझिट ३०,०००. कुटुंबासाठी. एजंट नकोत. फोन संध्याकाळी ५ ते ८." आणि पुढे नंबर.

नंबर धरून चोवीस शब्द. यात बोअर आणि टाकी मुद्दाम घातलंय, कारण आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात, त्यामुळे फोनवर भाड्याच्या आधी विचारतात ते पाण्याचं. तुमच्याकडे पाण्याची सोय चांगली असेल आणि ती जाहिरातीत नसेल तर तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू तुम्हीच लपवली. पुण्याच्या जाहिराती बघून इथे लिफ्ट आणि क्लब हाऊस लिहिणारे लोक आहेत आणि पाण्याचा शब्द नाही!

भाडं लिहायचं की नाही यावर दर वेळी वाद होतो. लिहाच. न लिहिता चाळीस फोन येतात आणि त्यातले पस्तीस आकडा ऐकून फोन ठेवून देतात, लिहिल्यावर दहा येतात पण ते घर बघायला येणारे असतात. विक्रीत मात्र मी उलट सांगतो, तिथे घासाघीस होणारच असते म्हणून क्षेत्रफळ, एनए (बिगरशेती) आहे का, रस्ता किती फुटी एवढं द्या, किंमत फोनवर.

नोकरीच्या जाहिरातीत कामाचं नाव त्या धंद्यातल्या माणसाच्या तोंडातलं पाहिजे. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्याला माणूस पाहिजे असेल तर "अनुभवी कर्मचारी हवेत" असं लिहून काही होत नाही, "कटिंग मास्टर", "ओव्हरलॉक चालवणारे" असं लिहा, अक्कलकोट रोड एमआयडीसी की चिंचोळी ते लिहा कारण जाण्यायेण्याचं अंतर बघूनच माणूस फोन करतो, पगार किंवा पीसवर काम आहे ते लिहा, आणि भेटायची वेळ लिहा. यंत्रमागावरचा कामगार मात्र पेपरातनं फारसा मिळत नाही, तो ओळखीतनंच येतो, तिथे पैसे घालू नका. अकाउंटंट, टॅली येणारी मुलगी, ड्रायव्हर, वॉचमन, सेल्समन हे अजून पेपरातनं मिळतात.

स्थळाच्या जाहिरातीत जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी आणि ती कुठल्या गावात, घटस्फोटित असेल तर स्पष्ट तसं, आणि अपेक्षा एका ओळीत. वय लिहू नका, जन्मसाल लिहा. गोरी, सुंदर, सुस्वरूप यावर शब्द खर्च करू नका, मला तर ते बघून वाईट वाटतं, मुलीचं शिक्षण शेवटी आणि रंग पहिला. नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो दुपारी फोन उचलतो आणि नीट बोलतो, मुलीचा स्वतःचा नको. आणि एक कायद्याची गोष्ट, १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४-अ प्रमाणे लग्नाच्या मोबदल्यात मालमत्तेत, पैशात किंवा धंद्यात हिस्सा देऊ अशी जाहिरात देणं हा गुन्हा आहे, छापणाऱ्यावर सुद्धा. "जावयास व्यवसायात भागीदारी" असं लिहून आणणारे लोक अजून आहेत, ते कुठल्याही टेबलावर नाकारलं पाहिजे.

पायरी ४: दर, शब्द मोजणी, दिवस

दर मी इथे लिहीत नाही कारण ते बदलत राहतात, रेट कार्ड मागायचा तुम्हाला हक्क आहे, मागा. किमान शब्दांचे पैसे द्यावेच लागतात, म्हणजे तुमचे बारा शब्द असले तरी किमान वीसचे असतील तर वीसचेच पडतात, मग उरलेले शब्द वापरून घ्या. मोबाईल नंबर बहुतेक ठिकाणी एक शब्द धरतात, "टू-व्हीलर" एक की दोन हे आधी विचारा. छापील जाहिरातीच्या जागेवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापेक्षा जास्त लावला तर बिल मागून कशाचा लावला ते विचारा. एजंटाला कमिशन पेपर देतो, त्यामुळे अधिकृत केंद्रावरनं दिली काय आणि पेपरच्या ऑफिसात दिली काय, दर तोच पाहिजे. पेपरांच्या स्वतःच्या साइटवरनं पण बुक करता येतं, पण मजकुरावरनं कुणीतरी नजर फिरवावी असं वाटत असेल तर माणसाकडे या.

दोन दिवसांवर एक दिवस फ्री अशा योजना असतात. तीन दिवस लागोपाठ घेण्यापेक्षा दोन रविवार आणि मधला एखादा वार असं मिळतंय का बघा, रविवारी लोक पान निवांत वाचतात. रविवारचा मजकूर शुक्रवारी दुपारपर्यंत, फार तर शनिवारी सकाळी द्या, बाकीच्या दिवसांना आदल्या दुपारपर्यंत चालतं. भाड्याला मे-जून चांगला, शाळा-कॉलेजचे प्रवेश असतात. घरविक्रीची जाहिरात पितृपक्षात देऊ नका, घटस्थापना ते दिवाळी आणि गुढीपाडव्याच्या आधीचे पंधरा दिवस धरा. गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात पण फोन कमी येतात, अख्खं गाव तिकडे असतं.

पायरी ५: प्रूफ बघितल्याशिवाय सोडू नका

तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो, पेपरच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं तुटतात, आडनावातला "म्या" आणि "ल्ली" तर नक्की तपासा, आपल्याकडच्या तेलुगू आडनावांची फार वाट लागते. प्रूफवर, म्हणजे छापायच्या आधी दाखवतात त्या नमुन्यावर, नंबर एक एक आकडा बोटानं वाचा, आणि मग त्या नंबरवर तिथेच फोन लावून बघा. घाईत पाठ असलेला नंबर डोळ्याला बरोबरच दिसतो, फोन लावल्यावरच कळतं.

पावतीवर तारीख, आवृत्ती, मथळा, शब्द आणि रक्कम एवढं असलंच पाहिजे.

पायरी ६: छापून आल्यावरचा दिवस

सकाळी सातपासून फोन सुरू होतात आणि पहिले काही एजंटांचे असतात, "एजंट नकोत" लिहिलं तरी. नंतर दुसऱ्या पेपरवाल्यांचे, आमच्याकडे पण द्या म्हणून. जुना मोबाईल असेल तर जाहिरातीपुरतं वेगळं सिम टाका, महिनाभर सुखात राहाल. एक वही ठेवा, नाव, गाव, काय विचारलं, कधी येणार. फोटो, लोकेशन तयार ठेवा म्हणजे विचारल्या विचारल्या व्हॉट्सॲपवर पाठवता येतं. आताची चांगली पद्धत हीच आहे, पेपरात वीस-पंचवीस शब्द, बाकी सगळं फोनवर, आणि तीच जाहिरात फुकटच्या साइटवर आणि गल्लीच्या, समाजाच्या ग्रुपवर पण टाका.

एक लक्षात ठेवा, "मी लष्करात आहे, बदली झालीय, घर न बघताच डिपॉझिट पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला की ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. गेलेच पैसे तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तास-दोन तासांचा पण फरक पडतो. तसंच जाहिराती वाचणाऱ्यांनी, छतावर मोबाईल टॉवर बसवा आणि महिन्याला एवढं भाडं, आधी फक्त टॅक्स भरा, यावर विश्वास ठेवू नका. ट्राय (दूरसंचार नियामक) किंवा दूरसंचार विभाग टॉवरसाठी घरमालकाकडून कसलाही टॅक्स किंवा फी घेत नाही. पेपरात आलंय म्हणजे खरं असणार हा भरवसा जुन्या माणसांना असतो, म्हणून घरातल्या मोठ्यांना हे मुद्दाम सांगा. पेपरवाले त्याच पानावर छोट्या अक्षरात खातरजमा वाचकांनी करावी असं छापतात, ते कुणी वाचत नाही.

पायरी ७: पुराव्याची जाहिरात

इथला पहिला नियम, ज्याला पुरावा द्यायचाय त्याला आधी विचारा. बँक, पासपोर्ट ऑफिस, बोर्ड, कोर्ट, सोसायटी, प्रत्येकाला काय चालतं ते वेगळं. किती पेपर, कुठल्या भाषेत, कुठल्या गावचे, मजकुराचा नमुना आहे का. हे न विचारता स्वस्त पेपरात जाहिरात देऊन येतात आणि मग परत पैसे भरतात.

नावबदलाचं बघा. पेपरातली जाहिरात म्हणजे राजपत्र (सरकारी गॅझेट) नाही, ही दोन वेगळी कामं आहेत. महाराष्ट्र शासन राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करायचा, त्यासाठी कागदपत्रं वेगळी. पासपोर्टला नावबदलाच्या काही प्रकारांत दोन पेपरांची कात्रणं मागायची पद्धत आहे, एक कायमच्या पत्त्याच्या भागातला आणि एक सध्याच्या, म्हणजे मूळ सोलापूरचा आणि राहतोय पुण्यात अशा माणसाला दोन्हीकडे जाहिरात लागते. अर्ज करायच्या आधी साइटवर तुमच्या प्रकारची यादी वाचा. मजकुरात जुनं नाव, नवं नाव, पूर्ण पत्ता, आणि मराठी पेपर असला तरी दोन्ही नावांचं इंग्रजी स्पेलिंग छापून घ्या. घोळ असतो तो आधार आणि शाळेच्या दाखल्यातल्या स्पेलिंगचाच, आणि जाहिरातीत नुसतं देवनागरी असेल तर त्या कात्रणाचा उपयोग काय?

कागद हरवला असेल तर आधी पोलिसांकडे तक्रार, ती ऑनलाइन पण होते, आणि तिचा नंबर जाहिरातीत घाला. खरेदीखत हरवलं तर दुय्यम निबंधकाकडनं प्रमाणित नक्कल मिळते, पण कर्ज देणारी बँक जाहिरात पण मागते, त्यात दस्त नंबर आणि वर्ष पाहिजेच.

प्लॉट-घर घेतानाची जाहीर नोटीस वकिलामार्फतच द्या. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा (चारही बाजूंना काय आहे ते), मालकाचं नाव, हरकतीची मुदत आणि हरकत कुठे द्यायची तो पत्ता, यातलं एक जरी चुकलं तर नोटिशीचा आधार कमी होतो. इथे शब्द वाचवू नका. आणि मनापासून सांगतो, कुणी वाचत नाही अशा पेपरात नोटीस छापून फाईलला लावायची युक्ती करू नका. हरकत असणारा भाऊ किंवा बहीण आज पुढे आलेली बरी, पैसे दिल्यावर कोर्टात आली तर दहा वर्षं जातात. कोर्टाचं समन्स पेपरातनं द्यायचं असेल तेव्हा पण दिवाणी प्रक्रिया संहितेत हेच आहे, प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता त्या भागात चालणारा दैनिक पेपर लागतो.

हाउसिंग सोसायटीत सभासद वारला आणि नॉमिनी लावलेला नसेल तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीला दोन स्थानिक पेपरांत हक्कदार बोलावणारी नोटीस द्यावी लागते. सेक्रेटरी लोक एकाच पेपरात उरकतात, वारसांनी लक्ष ठेवा.

छापून आली की कात्रण कापू नका. अख्खं पान ठेवा, वर पेपरचं नाव आणि तारीख दिसते ते, पाच-सहा अंक त्याच दिवशी विकत घ्या, दुसऱ्या दिवशी स्टॉलवर मिळत नाहीत आणि ऑफिसातनं जुना अंक काढायला फेऱ्या होतात. ई-पेपरची पीडीएफ पण साठवा, पण बऱ्याच ठिकाणी मूळ छापील अंकच मागतात. पावती त्या पानाला स्टेपल करून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये.

आणि चूक छापून आली तर त्याच दिवशी प्रूफ, पावती आणि अंक घेऊन ऑफिसात जा. तुमचं प्रूफ बरोबर आणि छपाई चूक असेल तर जाहिरात फुकट परत लावून मागा, चांगला पेपर खळखळ करत नाही. नावाच्या आणि मालमत्तेच्या जाहिरातीत नुसती परत लावून भागणार नाही, शुद्धिपत्रक मागा, त्यात आधीच्या जाहिरातीची तारीख आणि पान नंबर घालून घ्या, आणि ते पान पण त्याच फोल्डरमध्ये ठेवा, अर्ज करताना दोन्ही एकत्र द्यायचे.